ठरल्या वेळी प्रोग्राम बंद व्हायचा असेल, तर टाइमर त्याच्या बाहेर हवा

आपला प्रश्न मला असा समजला आहे. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील आपल्या कारखान्यात वजनकाट्याच्या केबिनमध्ये विंडोजचा एक संगणक आहे. त्यावर रोज रात्री ११ वाजता टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी कामे सुरू करणारी विंडोजची सोय) पायथन भाषेतला एक प्रोग्राम सुरू करतो. तो प्रोग्राम काट्याच्या इंडिकेटरकडून, म्हणजे वजन दाखवणाऱ्या यंत्राकडून, सिरियल केबलवरून दिवसभराच्या पावत्या मागवतो आणि सकाळच्या बिलांसाठी एक फाइल तयार करतो. एरवी तीन-चार मिनिटांत उरकणारे हे काम एखाद्या रात्री अडकते आणि सकाळी काळी खिडकी तशीच उघडी सापडते. म्हणून आपण प्रोग्राममध्येच २० मिनिटांचा टाइमर लावला आणि वेळ संपताच 'सिस डॉट एक्झिट' चालेल अशी व्यवस्था केली, तरीही खिडकी बंद होत नाही. पायथन ज्या बॅच फाइलमधून (आज्ञांच्या यादीतून) सुरू होतो तिच्यात 'टाइमआउट' ही आज्ञा घालून पाहिली, तिचाही उपयोग झाला नाही. शिवाय एकदा काम अडकले की पुढच्या दोन-तीन रात्रींच्या नोंदीही येत नाहीत आणि मग सगळे आपोआप सुरळीत होते, हे कोडे आपल्याला सुटलेले नाही.

बडोद्यातील आणि नंदेसरीकडील कारखान्यांत अशीच छोटी कामे करण्यात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि आपण केलेली प्रत्येक चूक मी कधी ना कधी केलेली आहे. त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

प्रथम सिस डॉट एक्झिटविषयी. या नावामुळे अनेकांची फसगत होते. ही आज्ञा प्रोग्राम बंद करत नाही. ती 'सिस्टिमएक्झिट' नावाचा एक अपवाद, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारा इशारा, उभा करते, आणि तो अपवाद ज्या थ्रेडमध्ये (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एका धाग्यात) उभा राहिला त्याच थ्रेडपुरता असतो. मुख्य थ्रेडमध्ये तो उभा राहिला, तर वर चढत चढत तो प्रोग्रामच्या शेवटापर्यंत पोहोचतो आणि प्रोग्राम संपतो. पायथनचा 'थ्रेडिंग डॉट टाइमर' मात्र आपले काम स्वतःच्या वेगळ्या थ्रेडमध्ये करतो. वीस मिनिटे झाली, टाइमर जागा झाला, त्याने सिस डॉट एक्झिट बोलावले आणि संपला तो टाइमरचाच थ्रेड, तोही गुपचूप, पडद्यावर एक ओळसुद्धा न उमटता. मुख्य थ्रेड इकडे सिरियल पोर्टवरून पुढचे अक्षर येण्याची वाट पाहत जिथे होता तिथेच बसून राहिला. टाइमर वेळेवर वाजला होता. तो ऐकणारे तिथे कोणी नव्हते.

याच टाइमरची दुसरी बाजूही तपासून पाहा. ज्या रात्री काम नीट होते, त्या रात्रीही खिडकी पूर्ण २० मिनिटे उघडी राहत असणार. काम संपल्यावर टाइमर रद्द केला नाही आणि त्याला 'डीमन' (ज्याच्यासाठी पायथन थांबत नाही असा थ्रेड) म्हणून घोषित केले नाही, तर पायथन बाहेर पडण्यापूर्वी त्या टाइमरच्या थ्रेडची वाट पाहत थांबतो. म्हणजे जो टाइमर अडकलेल्या प्रोग्रामला बंद करू शकत नव्हता, तोच धडधाकट प्रोग्रामला अडवून धरत होता.

यावर अनेक जण 'ओएस डॉट अंडरस्कोर एक्झिट' सुचवतील. त्याने प्रोग्राम नक्की बंद होतो, कोणत्याही थ्रेडमधून आणि तत्काळ. परंतु ही आज्ञा मागचे काहीही आवरत नाही. 'फायनली'मधील, म्हणजे काही बिघडले तरी शेवटी चालायच्या आवराआवरीच्या, ओळी चालत नाहीत, आणि फाइलमध्ये लिहायला दिलेला पण अजून बफरमध्येच (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) असलेला मजकूर डिस्कवर न जाता नाहीसा होतो. बिलांची फाइल तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये मी ती पहिला उपाय म्हणून कधीच वापरणार नाही.

विंडोजच्या बॅच फाइलमधील टाइमआउट आज्ञेचा घोळ निव्वळ नामसाधर्म्याचा आहे. लिनक्सवर याच नावाची आज्ञा दुसऱ्या प्रोग्रामवर वेळेची मर्यादा घालते. विंडोजवरची आज्ञा फक्त तेवढे सेकंद थांबते आणि मग पुढची ओळ चालवते. आपल्या बॅच फाइलमध्ये ती पायथनच्या ओळीखाली लिहिलेली असल्याने पायथन संपेपर्यंत तिची पाळीच येत नव्हती.

आता त्या दोन-तीन रात्रींच्या कोड्याकडे येऊ. टास्क शेड्यूलरमध्ये त्या कामाच्या 'सेटिंग्ज'च्या पानावर तळाशी एक नियम असतो: काम आधीच चालू असेल तर काय करायचे? मुळातले उत्तर असते, नवीन प्रत सुरू करू नका. त्याच पानावर दुसरा नियम असतो: काम अमुक वेळेपेक्षा जास्त चालले तर थांबवा, आणि तिथे मुळात ३ दिवस भरलेले असतात. हे दोन्ही नियम एकत्र ठेवून पाहा. सोमवारी रात्री प्रोग्राम अडकला. मंगळवारी आणि बुधवारी ११ वाजता शेड्यूलरने पाहिले की काम 'चालू'च आहे, म्हणून त्याने नवे सुरू केले नाही. तीन दिवस भरल्यावर त्याने अडकलेले काम थांबवले आणि त्यानंतरच्या पाळीला सगळे पूर्ववत झाले. आपोआप बरे झाल्यासारखे वाटत होते ते हे. तेथे ३ दिवसांच्या जागी ३० मिनिटे लिहा; हा आकडा त्या चौकटीत हाताने टाइप करता येतो. त्याखालची, विनंती करूनही काम थांबले नाही तर ते जबरीने थांबवण्याची खूणही राहू द्या. बॅच फाइल काढून टाकून शेड्यूलरमधून थेट पायथन चालवा, म्हणजे मध्ये एक थर कमी होतो.

एवढे केले की उद्यापासून आपली एक रात्र बुडेल, तीन बुडणार नाहीत. परंतु एवढ्यावर थांबू नका, कारण जबरीने थांबवणे हा शेवटचा उपाय आहे, आणि तो एकटा वापरल्याने काय होते ते मी स्वतः भोगले आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी असाच प्रोग्राम बसवला होता आणि त्यावर १५ मिनिटांची कडक मर्यादा घातली होती. एरवी काम पाच मिनिटांत होत असे, त्यामुळे १५ मिनिटे म्हणजे भरपूर, असे मी धरून चाललो. नवरात्राचे दिवस होते. दसऱ्याआधी माल बाहेर काढायची घाई असल्याने त्या दिवशी काट्यावर नेहमीच्या दुपटीहून अधिक गाड्या झाल्या होत्या. मी घरच्यांबरोबर गरब्याच्या मैदानावर होतो, आणि इकडे माझ्या टाइमरने पंधराव्या मिनिटाला, फाइल लिहिणे चालू असतानाच, प्रोग्राम मारून टाकला. सकाळी हिशेब पाहणाऱ्या काकांनी नेहमीप्रमाणे फाइल उघडली. फाइल जागेवर होती, तारीख बरोबर होती, वरच्या ओळी बरोबर होत्या, म्हणून त्यांनी बिले करायला घेतली. दुपारी एका ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की आमच्या दोन गाड्यांचा पत्ता नाही. मी जाऊन फाइलच्या अगदी तळाशी पाहिले. शेवटच्या ओळीत गाडीचा क्रमांक 'जीजे ०६' एवढाच लिहिलेला होता. त्यापुढे मालिका नाही, आकडे नाहीत, वजन नाही. त्या एका ओळीकडे मी किती वेळ पाहत बसलो होतो, ते मला अजून आठवते. काका मला एक शब्दही बोलले नाहीत. आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत बसून कागदी पावत्यांवरून सगळी बिले पुन्हा केली.

तेव्हापासून मी असे प्रत्येक काम दोन मर्यादांमध्ये बांधतो. आतली मर्यादा प्रोग्राम स्वतः पाळतो आणि वेळ संपली की आवराआवर करून शहाण्यासारखा बाहेर पडतो. बाहेरची मर्यादा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असते आणि आतली निकामी ठरली तरच तिचा उपयोग होतो. आपल्या बाबतीत मी आत १५ मिनिटे, बाहेर त्यावर नजर ठेवणाऱ्या दुसऱ्या, राखणदार प्रोग्रामकडे २० मिनिटे आणि त्याच्याही बाहेर टास्क शेड्यूलरमध्ये ३० मिनिटे ठेवीन.

आतली मर्यादा घालताना मूळ दुखण्याला हात घाला. आपला प्रोग्राम अडकतो तो सिरियल पोर्ट वाचताना. 'पायसिरियल' या लायब्ररीत पोर्ट उघडताना टाइमआउट (वाट पाहण्याची कमाल मुदत) दिला नाही, तर वाचन अनंत काळ वाट पाहते. मुळातली तरतूदच तशी आहे. तिथे ५ सेकंद द्या. मग ५ सेकंदांत जेवढी अक्षरे आली तेवढी, किंवा काहीच आले नसेल तर रिकामे उत्तर परत मिळेल आणि सूत्रे पुन्हा आपल्या हाती येतील. मात्र ही ५ सेकंदांची मर्यादा दर वाचनाची आहे, एकूण कामाची नाही. इंडिकेटर बिघडून दर चार सेकंदांना एकेक निरर्थक अक्षर पाठवत राहिला, तर कोणतेही वाचन रिकामे परतणार नाही आणि प्रोग्राम पहाटेपर्यंत चालू राहील. नेटवर्कच्या सॉकेटलाही हेच लागू आहे. म्हणून प्रोग्राम सुरू होताच अंतिम क्षण काढून ठेवा आणि प्रत्येक वाचनानंतर त्याच्याशी तुलना करा. तो क्षण उलटून गेला असेल तर स्वतःचा एक अपवाद उभा करा. हा अपवाद मुख्य थ्रेडमध्ये उभा राहत असल्याने फायनलीमधील ओळी चालतील, पोर्ट बंद होईल आणि प्रोग्राम आपण ठरवलेला निर्गमन क्रमांक (बंद होताना प्रोग्राम मागे ठेवतो तो आकडा) देऊन बाहेर पडेल.

हा अंतिम क्षण भिंतीवरच्या घड्याळावरून काढू नका. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवले जाते, कोणी हाताने तारीख बदलतो, मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असेल तर सुरुवातीला ते भलतीच वेळ दाखवते. अशा वेळी 'टाइम डॉट टाइम'वर बेतलेली १५ मिनिटे क्षणात संपू शकतात किंवा काही तास लांबू शकतात. 'टाइम डॉट मोनोटॉनिक' हे घड्याळ किती वाजले ते सांगत नाही, पण ते कधीही मागे जात नाही आणि वेळ जुळवल्याने उडी मारत नाही. मुदत मोजायला तेच हवे.

आता बाहेरची मर्यादा. राखणदार म्हणून वीस-पंचवीस ओळींचा दुसरा पायथन प्रोग्राम लिहा आणि टास्क शेड्यूलरमधून मूळ प्रोग्रामऐवजी तो चालवा. त्याने 'सबप्रोसेस डॉट रन' वापरून मूळ प्रोग्राम सुरू करायचा आणि टाइमआउट म्हणून १२०० सेकंद द्यायचे. मुदत संपली की ही आज्ञा मूळ प्रोग्रामला मारते, तो खरोखर संपेपर्यंत थांबते आणि मग 'टाइमआउटएक्स्पायर्ड' हा अपवाद उभा करते; तो पकडून आपण नोंदवहीत एक ओळ लिहायची. हा टाइमर भरवशाचा आहे, कारण तो दुसऱ्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, राहतो. मूळ प्रोग्राम अनंत चक्रात फिरत असो, एखाद्या लायब्ररीच्या आत इतका अडकलेला असो की पायथनचे बाकीचे थ्रेडही खोळंबावेत, राखणदाराला त्याची झळ लागत नाही. व्हिज्युअल बेसिक किंवा विंडोज फॉर्म्समध्ये खिडकीवर टाइमर ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. तो टाइमर खिडकीच्याच थ्रेडवर चालतो. बटणामागचे काम अडकले की 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसते आणि टाइमरही वाजत नाही.

राखणदाराच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. विंडोजवर पायथनची 'टर्मिनेट' आणि 'किल' ही दोन्ही एकच काम करतात: प्रोसेस तत्काळ संपवतात, आवरायला वेळ देत नाहीत. आतली मर्यादा बाहेरच्यापेक्षा पाच मिनिटे आधी ठेवायची ती याचसाठी. दुसरे असे की मारली जाते ती फक्त थेट अपत्य प्रोसेस. तिने पुढे आणखी प्रोग्राम सुरू केले असतील तर ते मागे राहतात आणि पोर्ट धरून बसतात, मग पुढच्या रात्री पोर्ट उघडतच नाही. तशी शक्यता असेल तर 'टास्ककिल' आज्ञा टी आणि एफ या दोन्ही पर्यायांसह वापरा. टीमुळे पूर्ण वंशावळ संपते, एफमुळे जबरीने संपते.

आपले हे काम पुढेमागे लिनक्सवर न्यायचे झाले तर पुष्कळ सोपे होईल. तिथल्या टाइमआउट आज्ञेला मुदत आणि त्यापुढे प्रोग्रामचे नाव दिले की झाले. ती आधी 'सिगटर्म', म्हणजे १५ क्रमांकाचा सिग्नल पाठवते, जो पकडून प्रोग्रामला आवराआवर करता येते. के हा पर्याय देऊन आणखी काही सेकंद सांगितले, तर तेवढे थांबून ती 'सिगकिल' म्हणजे ९ क्रमांकाचा सिग्नल पाठवते, जो प्रोग्रामला पकडताही येत नाही आणि टाळताही येत नाही. मुदत संपल्यामुळे बंद झाल्यास निर्गमन क्रमांक १२४ मिळतो, सिगकिलपर्यंत वेळ गेली तर १३७. त्यामुळे सकाळी क्रमांक पाहूनच रात्री काय झाले ते कळते. सिगकिलचेही ज्याच्यापुढे चालत नाही अशी एक अवस्था आहे: प्रोसेस कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील फाइलींच्या उत्तरासाठी अशा रीतीने थांबलेली असते की मध्ये उठवताच येत नाही. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या 'पीएस' आज्ञेच्या यादीत तिच्यापुढे डी हे अक्षर दिसते. ते उत्तर येईपर्यंत तिला मारता येत नाही, आणि अशा वेळी दोष प्रोग्रामऐवजी डिस्कमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शोधावा.

टाइमआउट आज्ञेच्या पुष्कळ आधीपासून, १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून, 'अलार्म' ही सोय आहे आणि तिची रचना मला आजही फार आवडते. प्रोसेस कर्नलला सांगते, मला इतक्या सेकंदांनी उठव. वेळ झाली की कर्नल तिला सिगअलार्म पाठवतो, आणि तिने त्यासाठी काही व्यवस्था केलेली नसेल तर ती संपते. लावलेला अलार्म 'एक्झेक'नंतरही, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चढवल्यावरही, टिकतो. म्हणून आधी अलार्म लावून मग एक्झेकने दुसरा प्रोग्राम चढवला, तर त्या प्रोग्रामच्या एका ओळीलाही हात न लावता त्यावर मुदत बसते. 'फोर्क'ने, म्हणजे प्रोसेसची प्रत काढून, जन्मलेल्या अपत्याला मात्र तो वारशाने मिळत नाही. सिगअलार्म पकडायचाच असेल तर पकडणाऱ्या फंक्शनमध्ये फक्त एक खूण बदला. सी भाषेत तिथे प्रिंटएफ (छापणे) किंवा मॅलॉक (मेमरी मागणे) बोलावल्यास प्रोग्राम नव्याने आणि अधिक वाईट रीतीने अडकू शकतो.

लिनक्सची 'यूलिमिट' ही आज्ञा वापरून सीपीयूच्या वेळेवर मर्यादा घालण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. विद्यार्थ्यांच्या अनंत चक्रात फिरणाऱ्या प्रोग्रामांसाठी तो योग्य आहे. आपला प्रोग्राम वाट पाहत बसतो, आणि वाट पाहणारी प्रोसेस सीपीयू जवळजवळ वापरतच नाही, म्हणून ती मर्यादा आठवडाभरातही भरणार नाही.

त्या अर्धवट ओळीवरचा उपाय यातील कोणत्याही टाइमरमध्ये नाही, तो फाइल लिहिण्याच्या पद्धतीत आहे. बिलांची फाइल तिच्या खऱ्या नावाने कधीच लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, शेवटी 'एकूण नोंदी इतक्या' अशी एक ओळ घाला, फाइल बंद करा आणि त्यानंतरच 'ओएस डॉट रिप्लेस'ने तिला खरे नाव द्या. मग टाइमर कोणत्याही क्षणी वाजो, खऱ्या नावाची फाइल एकतर पूर्ण असेल किंवा नसेलच. फाइल नसली की काका आपल्याला फोन करतील. अर्धी असली तर ते बिले करायला घेतील.

मुदत किती ठेवावी हे अंदाजाने ठरवू नका. प्रोग्रामला रोज सुरुवातीची व शेवटची वेळ आणि पावत्यांची संख्या नोंदवायला लावा, महिनाअखेर आणि सणाआधीची घाई त्यात येऊ द्या, आणि सर्वांत मोठ्या दिवसाला लागलेल्या वेळेच्या निदान तिप्पट मुदत ठेवा. आज आपल्याकडे अशी नोंद नाही म्हणून मी वर १५ मिनिटे सांगितली. दिवाळीनंतर तो आकडा पुन्हा तपासा. नोंदवहीत प्रोग्राम कोणत्या पायरीवर आहे तेही लिहीत जा. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला होता, कारण एक महत्त्वाचे काम वेळेत पूर्ण होत नसल्याचे त्यातील पहारा घड्याळाला दिसत होते. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर बारकाईने नोंदी ठेवून तोच बिघाड पुन्हा घडवून आणल्यावर कळले की हवामानाच्या नोंदी घेणारे दुय्यम काम एक सामाईक कुलूप धरून बसत होते आणि महत्त्वाचे काम त्यापाशी खोळंबत होते. घड्याळाने यान वाचवले; कारण सापडले ते नोंदींमुळे. आपला प्रोग्राम दर वेळी पोर्ट उघडताना अडकतो की शंभराव्या पावतीनंतर, हे कळले तर दोष केबलचा की इंडिकेटरचा, हे ठरवता येईल.

हे सर्व बसवल्यावर रात्रीची वाट न पाहता दिवसाच चाचणी घ्या. तिन्ही मर्यादा तात्पुरत्या १, २ आणि ३ मिनिटे करा. शेड्यूलरमधून काम सुरू करा आणि पावत्या येऊ लागल्या की सिरियल केबल काढा. संगणकाच्या बाजूचे यूएसबीचे टोक काढू नका, कारण ते काढल्यास बहुतेक वेळा लगेच चूक येते आणि प्रोग्राम मुळी अडकतच नाही. इंडिकेटरच्या बाजूचे टोक काढा, म्हणजे पोर्ट उघडा राहील आणि पलीकडून काहीच येणार नाही, नेमके त्या रात्रींसारखे. एका मिनिटात खिडकी बंद झाली पाहिजे आणि नोंदवहीत शेवटच्या पावतीचा क्रमांक आला पाहिजे. मग प्रोग्राममध्ये मुद्दाम एक अनंत चक्र घालून राखणदाराची दोन मिनिटे तपासा. शेवटी राखणदारालाच दहा मिनिटे झोपवून शेड्यूलरची तीन मिनिटे तपासा. प्रत्येक खेपेनंतर टास्क मॅनेजर उघडून पायथनची एकही प्रोसेस मागे राहिलेली नाही हे डोळ्यांनी पाहा, आणि घरी जाण्यापूर्वी तिन्ही आकडे पुन्हा १५, २० आणि ३० करायला विसरू नका.